कॅनडाच्या पॉप गायिका: यशाची कारणं आणि न मिटलेले वाद

जून १९९५ ते नोव्हेंबर १९९७ या अडीच वर्षांत कॅनडात वाढलेल्या तीन गायिकांचे चार अल्बम बाजारात आले: अलानिस मॉरिसेटचा ‘जॅगेड लिटल पिल’, सेलिन डिऑनचे ‘फॉलिंग इन्टू यू’ आणि ‘लेट्स टॉक अबाउट लव्ह’, आणि शनाया ट्वेनचा ‘कम ऑन ओव्हर’. यातल्या प्रत्येक अल्बमच्या जगभरात तीन कोटींच्या आसपास किंवा त्याहून जास्त प्रती खपल्या. त्या वेळी कॅनडाची अख्खी लोकसंख्याच तीन कोटींच्या घरात होती. वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी १९९६ साली मॉरिसेटला मिळालं, १९९७ साली डिऑनला. त्याच १९९७ च्या उन्हाळ्यात हॅलिफॅक्सच्या सारा मॅक्लॉक्लनने ‘लिलिथ फेअर’ हा फक्त गायिकांना आणि गायिकांच्या बँडना पुढे ठेवणारा फिरता महोत्सव सुरू केला. कमाईत तो त्या वर्षीच्या फिरत्या महोत्सवांमध्ये पहिला आला.

एवढ्या कमी लोकसंख्येच्या देशातल्या गायिकांनी एकाच वेळी जगाची बाजारपेठ कशी काबीज केली, हा प्रश्न तेव्हापासून चर्चेत आहे. कोणी श्रेय सरकारी धोरणाला देतं, कोणी अमेरिकेच्या शेजाराला, कोणी क्युबेकच्या स्वतंत्र संगीतव्यवसायाला, तर कोणी एकेका गायिकेच्या ताकदीला. या उत्तरांच्या पोटातून आणखी प्रश्न निघाले. गाण्याचं राष्ट्रीयत्व ठरवायचं कशावरून? त्यातलं गायिकेचं किती आणि निर्मात्याचं किती? आणि ‘कॅनडाची गायिका’ म्हणताना कोणाची नावं आपोआप गळतात? आज ही चर्चा कुठे उभी आहे, ते क्रमाने पाहू.

नियमांच्या आधी

पहिली अडचण कालक्रमाची आहे. सरकारी धोरणाला श्रेय देणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवं की कॅनडाच्या गायिकांचं पहिलं मोठं यश त्या धोरणाच्या आधीचं आहे. मॅनिटोबातल्या सेंट बॉनिफेस इथल्या लुसिल स्टारचं ‘द फ्रेंच साँग’ १९६४ साली गाजलं. दहा लाखांवर खप झालेली तबकडी मिळवणारी पहिली कॅनेडियन गायिका म्हणून तिचं नाव घेतलं जातं. पण ते गाणं तयार झालं लॉस एंजेलिसमध्ये, हर्ब आल्पर्टच्या देखरेखीखाली.

जोनी मिचेलची गोष्ट अधिक परिचित आहे. ती १९४३ मध्ये अल्बर्टातल्या फोर्ट मॅक्लाउड इथे जन्मली आणि सस्कॅटूनमध्ये वाढली. नवव्या वर्षी पोलिओ झाला आणि डावा हात कमजोर राहिला. नेहमीच्या पकडी जमेनात, म्हणून ती गिटारच्या तारा वेगवेगळ्या सुरांत लावू लागली. पुढे हेच तिच्या संगीताचं ओळखचिन्ह झालं, आणि तिच्या सुरावटी इतरांना सहज उचलता येत नाहीत त्यामागेही हेच कारण आहे. टोरंटोच्या यॉर्कव्हिल भागातल्या कॉफीहाउसांमध्ये गाण्यासाठी वादक संघटनेचं सभासदत्व लागे आणि त्याची फी तिला परवडत नव्हती. १९६५ मध्ये लग्न करून ती अमेरिकेत गेली. ‘बोथ साइड्स नाऊ’ हे तिचं गाणं लोकांपर्यंत आधी पोचलं ते जूडी कॉलिन्सच्या आवाजात. ‘ब्लू’ हा अल्बम १९७१ चा. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने २०२० मध्ये सार्वकालिक अल्बमांची यादी नव्याने केली, तेव्हा तो तिसऱ्या क्रमांकावर होता.

अ‍ॅन मरेने नेमकी उलट वाट धरली. नोव्हा स्कोशातल्या स्प्रिंगहिल या खाणकामगारांच्या गावातली ही मुलगी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवत होती आणि हॅलिफॅक्सहून प्रक्षेपित होणाऱ्या एका टीव्ही कार्यक्रमात गात होती. ‘स्नोबर्ड’ हे गाणं लिहिलं प्रिन्स एडवर्ड आयलंडच्या जीन मॅक्लेलनने, ते मुद्रित झालं टोरंटोत, आणि १९७० मध्ये अमेरिकेतही चढत गेलं. अमेरिकेत सुवर्ण तबकडीचा मान मिळवणारी ती पहिली कॅनेडियन एकल गायिका. १९७८ मध्ये ‘यू नीडेड मी’ अमेरिकी यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. एवढं होऊनही ती टोरंटोच्या परिसरातच राहिली.

मिचेल देश सोडून गेली आणि मरे देशातच राहिली. पुढच्या सगळ्या चर्चेत हीच दोन उदाहरणं समोरासमोर ठेवली जातात. मला मात्र या जोडीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. दोघींच्याही घडणीत सार्वजनिक, बिनव्यापारी जागांचा मोठा वाटा होता. मरेला सरकारी प्रसारण संस्थेच्या प्रादेशिक केंद्राने उभं केलं आणि मिचेलला कॉफीहाउसं आणि लोकसंगीताच्या महोत्सवांनी. पुढे आलेल्या रेडिओ-कोट्याच्या वादात या जागांचा उल्लेख फार कमी होतो.

रेडिओचा कोटा

१९६८ च्या प्रसारण कायद्याने कॅनडात रेडिओ-टीव्हीचं नियमन करणारा आयोग स्थापन झाला. पिएर जुनो हे त्याचे पहिले अध्यक्ष. जानेवारी १९७१ पासून आयोगाने एएम रेडिओ केंद्रांवर बंधन घातलं: वाजणाऱ्या संगीतात किमान तीस टक्के कॅनेडियन हवं. १९९० च्या दशकाच्या शेवटी लोकप्रिय संगीतासाठी हे प्रमाण पस्तीस टक्क्यांवर गेलं. देशातले सर्वांत मोठे संगीत पुरस्कार ‘जुनो’ या नावाने दिले जातात, त्यात या अध्यक्षांच्या नावाचाही वाटा आहे.

कॅनेडियन म्हणजे काय, हे ठरवण्यासाठी चार कसोट्या आल्या: संगीतकार, कलाकार, मुद्रण किंवा सादरीकरण कुठे झालं, आणि गीतकार. चारपैकी दोन जुळल्या की गाणं कॅनेडियन. तबकडीच्या वेष्टनावर एका वर्तुळाचे चार भाग छापलेले असत. रेडिओवाल्याने ते पाहायचं आणि हिशेब ठेवायचा.

या व्यवस्थेच्या बाजूने मांडला जाणारा युक्तिवाद भक्कम आहे. कॅनडातले बहुतेक लोक अमेरिकेच्या सीमेजवळ राहतात, तिथली केंद्रं त्यांना थेट ऐकू येतात. रेडिओवर जागाच मिळाली नाही तर स्टुडिओ, वादक, रेकॉर्ड कंपन्या आणि व्यवस्थापक उभेच राहणार नाहीत. कोट्याने मागणी तयार केली आणि मागणीमुळे धंदा उभा राहिला. १९८२ मध्ये कलाकारांना मुद्रणासाठी आर्थिक मदत देणारी ‘फॅक्टर’ ही संस्था आली, १९८४ मध्ये ‘मचम्युझिक’ ही संगीत वाहिनी. मॅक्लॉक्लनला व्हँकूव्हरच्या ‘नेटवर्क’ या देशी कंपनीने पुढे आणलं. मॉरिसेटचा १९९१ चा पहिला अल्बम फक्त कॅनडात निघाला. तो नाचाच्या तालावरचा, किशोरवयीन पॉपचा होता आणि तिथे चांगला चालला. जगाने तिला १९९५ मध्ये पाहिलं, तोवर तिची उमेदवारी घरीच पार पडली होती.

या बाजूचा सर्वांत बोलका पुरावा बराच नंतरचा आहे. ब्रिटिश कोलंबियातल्या मिशन गावच्या कार्ली रे जेप्सनचं ‘कॉल मी मेबी’ २०११ मध्ये व्हँकूव्हरच्या एका छोट्या कंपनीने काढलं. सुट्टीसाठी घरी आलेल्या जस्टिन बीबरने ते कॅनडातल्या रेडिओवर ऐकलं आणि ट्विटरवर त्याची भरभरून तारीफ केली. २०१२ मध्ये ते अमेरिकेत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. कॅनेडियन रेडिओने ते वाजवलंच नसतं तर ही साखळी कशी सुरू झाली असती, असा प्रश्न कोट्याचे समर्थक विचारतात, आणि तो सहज बाजूला सारता येत नाही.

विरोधकांचे आक्षेप तीन प्रकारचे आहेत. पहिला असा की केंद्रांनी नियमाचं अक्षर पाळलं आणि आत्मा सोडला. कॅनेडियन गाणी पहाटे किंवा रात्री उशिरा, फारसं कोणी ऐकत नसताना एकगठ्ठा वाजवून टक्केवारी भरायची, हे सुरुवातीच्या वर्षांत सर्रास चाले. दुसरा आक्षेप असा की कोट्याचा फायदा आधीच मोठ्या झालेल्यांना झाला. मरे, गॉर्डन लाइटफूट, ‘द गेस हू’ अशी ठरलेली नावंच फिरत राहिली आणि नवख्यांच्या वाट्याला थोडंच आलं.

तिसरा आक्षेप व्याख्येवर आहे, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘टायटॅनिक’मधलं ‘माय हार्ट विल गो ऑन’ घ्या. १९९८ मध्ये मुंबई-पुण्यापर्यंत घराघरात पोचलेलं हे गाणं डिऑनने गायलं, पण संगीत जेम्स हॉर्नरचं, शब्द विल जेनिंग्जचे आणि मुद्रण अमेरिकेतलं. चारपैकी एकच कसोटी जुळते. म्हणजे कॅनडाच्या सर्वांत प्रसिद्ध गायिकेचं सर्वांत प्रसिद्ध गाणं नियमाप्रमाणे कॅनेडियन ठरत नाही. उलट मॉरिसेट आणि ट्वेन यांची गाणी बिगर-कॅनेडियन सहलेखकांबरोबर लिहिलेली असूनही मोजणीत बसू शकली, कारण १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नियम बदलला होता. ब्रायन अ‍ॅडम्सचा अल्बम सहलेखक परदेशी असल्यामुळे कॅनेडियन ठरला नाही आणि मोठा गदारोळ झाला, त्यातून ही सुधारणा आली. शब्द आणि संगीत या दोन्हींत कॅनेडियन भागीदाराचा किमान निम्मा वाटा असेल तर तो धरायचा, असं ठरलं. एका पुरुष गायकासाठी झालेल्या वादातून आलेली ही दुरुस्ती पुढे दोन गायिकांच्या ऐन बहराच्या काळात कामी आली.

कोट्याचं मूल्यमापन अजून एकमताला आलेलं नाही. त्याने पाया घातला, हे बहुतेकांना मान्य आहे. १९९५ ते १९९७ ची भरती त्याच पायावर आली की त्याला वळसा घालून, यावर मात्र अभ्यासक विभागलेले आहेत.

क्युबेकची निराळी वाट

वरचा सगळा वाद इंग्रजी कॅनडाचा आहे. क्युबेकमध्ये गोष्ट वेगळीच घडली. तिथे फ्रेंच केंद्रांना लोकप्रिय गाण्यांत पासष्ट टक्के फ्रेंच गाणी वाजवावी लागतात. १९७८ पासून ‘अ‍ॅडिस्क’ ही स्वतंत्र व्यावसायिक संघटना आहे आणि तिचे ‘फेलिक्स’ हे स्वतंत्र पुरस्कार आहेत. त्याही आधी, १९३० च्या दशकात, ला बोल्दुक या नावाने ओळखली जाणारी मेरी ट्रॅव्हर्स मंदीच्या दिवसांतल्या कष्टकऱ्यांची गाणी स्वतः लिहून गात होती. जिनेट रेनो, दियान द्युफ्रेन अशी मोठी नावं पुढे आली. इंग्रजी कॅनडाला ती क्वचितच माहीत असत. बाजारपेठ लहान असली तरी तिला भाषेचं कुंपण होतं, म्हणून अमेरिकी गाणी तिथे सगळी जागा व्यापू शकली नाहीत. शिवाय फ्रान्स नावाचं दुसरं मोठं दार उघडं होतं.

सेलिन डिऑन या व्यवस्थेतून आली. मॉन्ट्रियलजवळच्या शार्लमान्य गावात, चौदा भावंडांत सर्वांत धाकटी. १९८१ मध्ये तिचा पहिला अल्बम काढण्यासाठी व्यवस्थापक रने आंजेलिलने घर गहाण टाकलं. १९८८ मध्ये स्वित्झर्लंडच्या वतीने गाऊन तिने युरोव्हिजन स्पर्धा जिंकली. १९९० मध्ये पहिला इंग्रजी अल्बम आला आणि त्याच वर्षी अ‍ॅडिस्कने तिला इंग्रजी कलाकाराच्या गटातला पुरस्कार देऊ केला. तो तिने मंचावरच नाकारला, आपण इंग्रजी कलाकार नाही असं सांगून. क्युबेकची अस्मिता तेव्हा धगधगत होती; क्युबेकला राज्यघटनेत सामावून घेऊ पाहणारा ‘मीच लेक’ करार नुकताच कोसळला होता. त्या वातावरणात हा नकार लोकांच्या मनात ठसला. पुढे १९९५ मध्ये जाँ-जाक गोल्डमनबरोबर केलेला ‘दो’ हा फ्रेंच अल्बम फ्रेंच भाषेतला सर्वाधिक खपाचा अल्बम मानला जातो. इंग्रजी यशाच्या शिखरावर असताना ती फ्रेंचमध्ये सातत्याने गात राहिली, ही गोष्ट इंग्रजी समीक्षेने बराच काळ लक्षातच घेतली नाही.

डिऑनविषयीचा वाद अभिरुचीचाही आहे. तिचं गाणं भडक आणि अतिभावुक आहे, असं समीक्षक वर्षानुवर्षं म्हणत आले. क्युबेकमधल्या शिकलेल्या वर्गालाही तिचा संकोच वाटे. टोरंटोचे समीक्षक कार्ल विल्सन यांना तिचं गाणं आवडत नव्हतं. त्यांनी २००७ मध्ये तिच्या अल्बमवर एक छोटं पुस्तक लिहिलं आणि त्यात स्वतःच्या नावडीचीच तपासणी केली. आपली अभिरुची कितपत आपली आणि कितपत आपल्या वर्गाची, हा प्रश्न त्यांनी समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्द्यू यांच्या मांडणीच्या आधाराने विचारला. पॉपविषयी गंभीरपणे लिहू पाहणाऱ्या कोणीही वाचावं असं हे पुस्तक आहे. त्यानंतर डिऑनला हसण्यावारी नेणं समीक्षकांना अवघड झालं. डिसेंबर २०२२ मध्ये तिने आपल्याला ‘स्टिफ पर्सन सिंड्रोम’ हा दुर्मीळ मज्जाविकार असल्याचं जाहीर केलं. २६ जुलै २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात आयफेल टॉवरवरून ती गायली, तेव्हा एकेकाळी तिला नावं ठेवणाऱ्यांतल्या कित्येकांनीही मनापासून दाद दिली.

गाण्यावर हक्क कोणाचा?

कॅनडाच्या गायिकांबद्दल एक आरोप पुन्हा पुन्हा होतो. त्यांच्यामागे एक पुरुष निर्माता किंवा व्यवस्थापक होता आणि खरं काम त्याचं. ट्वेनमागे रॉबर्ट ‘मट’ लँग, मॉरिसेटमागे ग्लेन बॅलार्ड, डिऑनमागे आंजेलिल आणि डेव्हिड फॉस्टर, नेली फुर्टाडोच्या २००६ च्या ‘लूज’मागे टिंबलँड. एव्हरिल लवीनच्या ‘कॉम्प्लिकेटेड’बद्दल तर तिच्यात आणि ‘द मॅट्रिक्स’ या लेखक-निर्मात्यांच्या चमूत शब्दांचा किती वाटा कोणाचा यावर उघड मतभेद झाले.

ट्वेनचं उदाहरण जरा बारकाईने पाहण्यासारखं आहे. जन्म विंडसरमधला, वाढली उत्तर ऑन्टारिओतल्या टिमिन्समध्ये, गरिबीत. १९८७ मध्ये आई आणि सावत्र वडील मोटार अपघातात गेले. धाकट्या भावंडांचा सांभाळ करण्यासाठी ती हंट्सव्हिलच्या एका रिसॉर्टमध्ये गाऊ लागली. नॅशव्हिलमध्ये १९९३ साली निघालेल्या पहिल्या अल्बममध्ये तिने लिहिलेलं एकच गाणं घेतलं गेलं, तेही दुसऱ्याबरोबर लिहिलेलं. लँगशी गाठ पडल्यावर हे उलटलं: ‘कम ऑन ओव्हर’मधल्या सगळ्या गाण्यांवर दोघांची नावं आहेत. ज्याला लोक तिला घडवणारा म्हणतात, त्याच्याच काळात तिला लेखिका म्हणून जागा मिळाली. लँगपासून वेगळं झाल्यावर, २०१७ च्या ‘नाऊ’मधली सगळी गाणी तिने एकटीने लिहिली. ती ‘कम ऑन ओव्हर’इतकी गाजली नाहीत. दोन्ही बाजू याच गोष्टीचा आधार घेतात: एका बाजूला यात निर्मात्याचं महत्त्व सिद्ध झालेलं दिसतं, दुसऱ्या बाजूला ही बाई पहिल्यापासून लेखिकाच होती याचा पुरावा दिसतो. वीस वर्षांनी बाजार बदललेला असताना खपावरून कोणताही निष्कर्ष काढणं मला धाडसाचं वाटतं.

दुसरीकडे अशी परंपराही आहे जिच्यात हा आरोप टिकतच नाही. मिचेलच्या पहिल्या अल्बमवर निर्माता म्हणून डेव्हिड क्रॉस्बीचं नाव आहे. त्यानंतरच्या बहुतेक अल्बमांची निर्माती ती स्वतःच होती. लोरीना मॅकेनिटने १९८५ मध्ये ऑन्टारिओतल्या स्ट्रॅटफर्डमध्ये स्वतःची कंपनी काढली आणि आपल्या गाण्यांची मालकी हातची जाऊ दिली नाही. व्हँकूव्हरमध्ये वाढलेली क्लेअर बूशे, म्हणजे ग्राइम्स, हिने २०१२ चा ‘व्हिजन्स’ घरच्या घरी संगणकावर एकटीने केला. तांत्रिक काम बाईने केलं असेल यावर लोकांचा विश्वास बसत नाही, असं तिने वारंवार बोलून दाखवलं आहे. निर्मात्याच्या श्रेयाचा हा प्रश्न जगभरच्या पॉपमध्ये आहे. कॅनडात त्याला वेगळी धार येते, कारण चार कसोट्यांमध्ये निर्मात्याला स्थानच नाही. लँग किंवा बॅलार्ड सहलेखक म्हणून मोजले जातात, निर्माते म्हणून नाही.

लिलिथ आणि त्यानंतर

१९९० च्या दशकात अमेरिकी रेडिओवर एक अलिखित नियम होता: दोन गायिकांची गाणी लागोपाठ लावायची नाहीत. कार्यक्रमांचे आयोजकही एका रात्रीत दोन गायिका ठेवायला कचरत. १९९६ मध्ये पॉला कोलबरोबर दौरा करून मॅक्लॉक्लनने हा समज खोटा ठरवला आणि पुढच्या वर्षी लिलिथ फेअर उभी केली. तीन उन्हाळे ती चालली. प्रत्येक शहरात तिकिटाच्या कमाईतला काही भाग स्थानिक महिला संस्थांना दिला गेला आणि देणग्यांचा एकूण आकडा एक कोटी डॉलरच्या पुढे गेला.

लिलिथबद्दल मतं तेव्हाही दोन होती. गायिकांना एकत्र ऐकणारा श्रोतृवर्ग आहे हे तिच्यामुळे सिद्ध झालं, हे एक मत. दुसरं असं की तिच्यामुळे ‘बायकांचं संगीत’ असा वेगळा खण तयार झाला आणि पहिल्या वर्षी तो खण प्रामुख्याने गोऱ्या, गिटार घेऊन गाणाऱ्या गायिकांनी भरला होता. १९९८ मध्ये मिसी एलियट आणि एरिका बाडू आल्या, ते या टीकेनंतर. २०१० मध्ये महोत्सव पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न झाला, पण बऱ्याच शहरांतले कार्यक्रम रद्द करावे लागले. काळ पुढे गेला होता म्हणून, की आर्थिक मंदीमुळे, की आखणीतल्या चुकांमुळे? कारणं प्रत्येक जण वेगळी देतो.

पुरस्कारांतही हाच पेच आहे. जुनो पुरस्कारांत पूर्वी सर्वोत्तम गायिकेचा स्वतंत्र गट होता. २००३ पासून स्त्री-पुरुषांसाठी मिळून एकच ‘वर्षाचा कलाकार’ असतो. नेली फुर्टाडो आणि फाइस्ट यांनी २००७ आणि २००८ मध्ये लागोपाठ तो जिंकला. पण २०१५ ते २०१९ अशी सलग पाच वर्षं तो पुरुषांकडे गेला. २०१६ मध्ये गायिका एमी मिलन हिने नामांकनांमधल्या पुरुषांच्या गर्दीवर जाहीर टीका केली. वेगळा गट ठेवला तर गायिकांना कोपऱ्यात बसवल्यासारखं होतं आणि काढून टाकला तर त्या दिसेनाशा होतात. या दोन्ही धोक्यांमधला मार्ग अजून सापडलेला नाही.

यादीबाहेरच्या

या विषयावरच्या लेखांतली नावं एकदा काढून पाहावीत. मरे, मिचेल, डिऑन, ट्वेन, मॉरिसेट, मॅक्लॉक्लन, के. डी. लँग, लवीन: सगळ्या गोऱ्या. इतरांबाबत चर्चा अलीकडेच गंभीर झाली आहे आणि माझ्या मते आज या क्षेत्रात सर्वांत जास्त काम इथेच व्हायला हवं.

टोरंटोच्या डेबोरा कॉक्सला कॅनडात करार मिळेना. डिऑनच्या मागे कोरसमध्ये गाऊन ती लॉस एंजेलिसला गेली, क्लाइव्ह डेव्हिसने तिला घेतलं आणि १९९८-९९ मध्ये तिचं एक गाणं अमेरिकी आर अँड बी यादीत चौदा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. हा विक्रम होता. तिला घरी वाव का मिळाला नाही, याचं एक कारण रेडिओच्या परवान्यांत सापडतं. कृष्णवर्णीय संगीतासाठी टोरंटोत एफएम केंद्र काढण्याचा ‘माइलस्टोन’ गटाचा अर्ज १९९० मध्ये नामंजूर झाला आणि ती जागा कंट्री संगीताच्या केंद्राला मिळाली. दुसऱ्यांदाही नकार आला. अखेर २००१ मध्ये ‘फ्लो’ हे केंद्र सुरू झालं. देशी संगीताला संरक्षण देणाऱ्या त्याच आयोगाने देशातल्या एका मोठ्या संगीतप्रवाहाला दशकभर ताटकळत ठेवलं. कोट्याचे समर्थक आणि विरोधक, दोघांनाही या गोष्टीचा हिशेब द्यावा लागेल.

आदिवासी गायिकांचा इतिहास २०२३ नंतर पुन्हा लिहावा लागतो आहे. बफी सेंट-मरी सहा दशकं क्री वंशाची गायिका म्हणून ओळखली गेली. सरकारी प्रसारण संस्थेच्या शोधकार्यक्रमाने तिचा जन्म मॅसॅच्युसेट्समधल्या गोऱ्या कुटुंबात झाल्याची कागदपत्रं समोर ठेवली. क्री समाजातल्या पियापोट कुटुंबाने आपल्याला परंपरेप्रमाणे दत्तक घेतलं, हे तिचं म्हणणं कायम आहे आणि त्या कुटुंबातल्या काहींनी तिची पाठराखण केली. २०२५ मध्ये ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ हा नागरी सन्मान आणि जुनो व पोलॅरिस हे संगीत पुरस्कार तिच्याकडून काढून घेण्यात आले. तिची गाणी आणि तिने इतरांना दिलेली उमेद यांचं काय करायचं, यावर खुद्द आदिवासी कलाकारांमध्येही दोन मतं आहेत. या गोंधळात इतर आवाज झाकले जाऊ नयेत. इनुइट समाजातली सुझन अग्लुकार्क १९९५ मध्ये ‘ओ सियेम’ घेऊन देशभरच्या रेडिओवर पोचली होती. तान्या टगाकने २०१४ चा पोलॅरिस पुरस्कार इनुइट कंठगायनाच्या पायावर उभ्या केलेल्या अल्बमसाठी मिळवला. तिचं संगीत पॉपमध्ये मोडतं का, हा प्रश्न पॉपच्या व्याख्येलाच कोड्यात टाकतो.

भारतीय वाचकाला या ठिकाणी एक जवळचं नाव आठवेल. जोनिता गांधी दिल्लीत जन्मली, टोरंटोजवळ वाढली, यूट्यूबवर गाता गाता ए. आर. रहमानपर्यंत पोचली आणि हिंदी-तमिळ चित्रपटांतला आघाडीचा आवाज झाली. कॅनडाच्या पॉप गायिकांच्या याद्यांत ती क्वचितच दिसते. चार कसोट्या लावल्या तर तिच्या बहुतेक गाण्यांत एकच जुळेल, म्हणजे ती आणि डिऑन एकाच पंक्तीला येतात. किरण अहलुवालियाला २००४ मध्ये जुनो मिळाला तो ‘वर्ल्ड म्युझिक’च्या गटात. ब्रॅम्प्टनसारख्या शहरांत आज पंजाबी, तमिळ, मराठी घरांतली मुलं गाऊ लागली आहेत. त्यांची मोजणी कुठल्या खणात होणार, हे ठरलेलं नाही.

स्ट्रीमिंगनंतर

रेडिओ हे दार असण्याचा काळ सरत चालला आहे. कॅल्गरीची टेट मॅकरे नृत्यस्पर्धेतून पुढे आली, तिने यूट्यूबवर स्वतःची गाणी टाकली आणि थेट अमेरिकी कंपनीशी करार केला. २०२५ मध्ये तिचा अल्बम अमेरिकी यादीत पहिल्या क्रमांकावर आला. जेप्सनच्या गोष्टीत कॅनेडियन रेडिओला जी जागा होती, ती मॅकरेच्या गोष्टीत जवळजवळ दिसत नाही.

एप्रिल २०२३ मध्ये कॅनडाने ऑनलाइन प्रसारणाचा कायदा केला. २०२४ मध्ये आयोगाने मोठ्या स्ट्रीमिंग सेवांना कॅनडातल्या उत्पन्नाचा पाच टक्के भाग देशी संगीत आणि बातम्यांसारख्या गोष्टींसाठी द्यायला सांगितलं. कंपन्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. समर्थक म्हणतात की हा १९७१ चाच विचार नव्या माध्यमात आहे. विरोधकांच्या मते ऐकणाऱ्याने स्वतः निवडलेल्या गाण्यावर टक्केवारी लावता येत नाही आणि पैसा पुन्हा प्रस्थापितांकडेच जाईल. यात गायिकांचा वेगळा विचार कोणत्याच बाजूने फारसा झालेला नाही. कोट्याने आजवर राष्ट्रीयत्व मोजलं, गाणारा पुरुष आहे की बाई हे कधीच मोजलं नाही. ओटावा विद्यापीठाच्या जेडा वॉटसन यांनी कंट्री रेडिओवर गायिकांना किती जागा मिळते याची वर्षानुवर्षांची नोंद केली. ट्वेनच्या देशातही त्या रेडिओवर गायिकांचं प्रमाण किती तोकडं आहे, हे त्यामुळे आकड्यांत दिसलं. पॉप, आर अँड बी आणि फ्रेंच गाण्यांच्या केंद्रांची आणि स्ट्रीमिंग सेवांनी तयार केलेल्या याद्यांची अशीच पद्धतशीर मोजणी वर्षानुवर्षं होत राहिली, तर धोरणाच्या यशापयशावर बोलायला दोन्ही पक्षांना आज आहे त्यापेक्षा पक्की जमीन मिळेल.